टिकली

द्राक्षांच्या प्रीकूलिंगचा स्क्रीन
मी अंबडला बसून आखला.
बारा रकाने, आठ-आठ पिक्सेलचे समास,
'सुरू' नि 'बंद' एका ओळीत
जावा-जावांसारखी, खेटून.

पिंपळगावला गेलो, तर
मथुराबाई गांगुर्डेंनी काचेवर
लाल टिकली चिकटवलेली,
बरोबर 'बंद'च्या माथ्यावर.
"हात ओले, चष्मा घरी.
बोट आपलं टिकली बघून जातं."

ओशाळलो. परत येऊन
दोघींना वेगळं घर दिलं:
'बंद' खाली कोपऱ्यात, मोठं, एकटं,
चारही बाजूंनी हवा.
रात्री अपडेट सोडला.

सकाळी सहाला फोन.
मागे पंख्यांची घरघर, तिचा आवाज शांत:
"साहेब, टिकली आहे जागेवर.
कपाळ कुठं नेलंत?"