निदान

सहा उन्हाळे टिनाखाली उभी होती,
रघुजीनगरातल्या आमच्या घराच्या कडेला,
कूलरच्या जुन्या ताट्या आणि एक मोडकी खाट
टपावर घेऊन.
पांढरी मारुती. पांढरी आता फक्त कागदावर.

मानेवाड्याहून निनावे आले, सकाळी सातलाच,
कारण दहानंतर बोनेटला हात लागत नाही.
टायरला बुटानं टोचलं, टाकीचं झाकण उघडलं,
नाक नेलं, मान मागे घेतली.
"पेट्रोल नाही जी हे. वार्निश झालं."
किती खर्च, मी विचारलं.
"पहिले दुखणं पाहू ना. मंग बिल."

एअर फिल्टरच्या डब्यात
उंदरांचं बाळंतपण होऊन गेलेलं:
खसाच्या काड्या, सीटचा फोम,
आणि कुरतडलेल्या कागदांत
एक अख्खी ओळ शिल्लक,
वीजबिल वेळेवर भरावे.

कार्बोरेटर उघडून
त्याच्या बारीक भोकांत निनाव्यांनी फुंकर मारली,
लेकराच्या डोळ्यात कचरा गेला की मारतात तशी.
दुसरी बॅटरी. बाटलीतून लिटरभर ताजं पेट्रोल.
प्लगच्या भोकांतून थेंब थेंब ऑइल,
मग पाना लावून इंजिन हातानंच फिरवलं.
"जाम नाही. दम धरून हाये पोरगी."

किल्ली.
फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं,
बोलेना.
प्लग काढून बॉडीला टेकवला. ठिणगी नाही.
कॉइल बदलली. पॉइंट घासले. कंडेन्सर बदलला.
"करंटच येऊन नाही रायला," निनावे म्हणाले
आणि पहिल्यांदा खाली बसले.
साडेअकरा.
टिन तडतडायला लागलं होतं.

आई दारात गवार निवडत होती.
तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
दुसऱ्यांची बोलणी जोडून देणारी,
आणि त्यातलं एकही घरी न आणणारी बाई.
"निदान मला तरी विचारायचं ना बापा," म्हणाली.
"हँडब्रेकच्या मागे, मॅटखाली बोट घाल."

बटण होतं.
काळं, घरातल्या दिव्याचं असतं तसं.

"तुझे बाबा गाडी कोणालाही देत," शेंगेकडे बघतच,
"कोणाच्या वरातीला, कोणाला रामटेकला.
हप्ते माझ्या पगारातून जात होते."

मला ते रविवार दिसले:
बनियनवर, बोनेटमध्ये डोकं खुपसलेले बाबा,
दोन-दोन मेकॅनिक, शिव्या, चहा,
ओशाळून परत गेलेले नवरदेवाचे काका,
आणि सोमवारी नऊला
आईच्या एका किल्लीत निघणारी गाडी.
"हिला बाईचाच हात लागतो,"
बाबा लग्नांमधून सांगत सुटायचे.
शेवटी मेडिकलच्या वॉर्डात, सलाइन बदलणाऱ्या नर्सलाही.
आईकडे बघून.

त्यांना माहीत होतं का, हे मी विचारलं नाही.
एका शेंगेची शीर लांब निघाली.

निनाव्यांनी बटण दाबलं, चोक ओढला.
धूर असा की शेजारच्या गच्चीवर
कोणी खोकत कुरड्या झाकल्या.
गाडी थरथरत उभी. निनाव्यांचा एक हात वर,
कोणी बोलू नये म्हणून,
कान इंजिनाकडे.

"तीनातले दोनच बोलून रायले, काकू."

आईनं मांडीवरचे देठ झटकले.
"दोनावर मी हिंगण्यापर्यंत नेलेली आहे," म्हणाली.
"सरका."