बावन्नातून सत्तावीस

चौथ्या वेळी जुनेद शिकलगारनं लिहिलं,
बावन्न वजा सत्तावीस, बरोबर पस्तीस.
चौथ्या वेळी मी लाल पेनाचं टोपण काढलं
आणि परत लावलं.
"कसं केलंस रे?"
"दोनातनं सात जात न्हाईत, बाई.
म्हणून सातातनं दोन काढलं. तसं जातंय."

तसं जातंय.
उतारानं पाणी जावं तसं.
बावीस वर्षांत किती फुल्या मारल्या असतील मी
इतक्या सरळ विचारावर.
त्यात आपली भाषा अशी,
बावन्न म्हटलं की कानात आधी दोन शिरतात
आणि हाताला आधी पाच लिहावे लागतात.
एकोणतीस म्हणताना तर ती
आपल्या आधीच एक वजा करून बसलेली असते.

फळ्यावर मी नेहमीचंच सांगितलं.
एककाच्या घरात कमी पडले की
शेजारी दशकाच्या दारात जायचं,
एक उसना आणायचा,
पाचावर काट, वर चार,
दोनाच्या अंगाला बारीक एक, झाले बारा.
वर्गानं माना हलवल्या. वर्ग माना हलवतोच.
जुनेदचं बोट वर.
"परत कवा द्यायचा?"
"काय?"
"उसना आणलेला."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.
मला हसू आलं नाही.
आमच्या घरी साखरेची वाटी आणली
तर ती रिकामी परत जात नसे, काठोकाठ जायची.
आणि मी बावीस वर्षं
पन्नासाच्या घरून आणतेय, आणतेय,
एकदाही परत केलेला नाही.
शिवाय कोणता शेजारी
एक मागितल्यावर दहा देतो?

संध्याकाळी कळंब्याच्या बसमध्ये
कंडक्टरच्या छातीवर नाव होतं, शिकलगार.
मिरजकर तिकटीला एका आजीला सत्तावीस परत द्यायचे होते,
त्यांच्या हातात दहाच्या पाच नोटा
आणि दोनच नाणी.
(नेमकी दोनच होती का? नसतील.
रात्री अंथरुणावर मी ती बसवून घेतली.)
त्यांनी एक नोट पुढच्या फुटाणेवाल्याला दिली,
"मामा, मोडून द्या."
त्यानं ओंजळीत दहा नाणी ओतली.
मोडली म्हणतात, पण मोडलं काहीच नव्हतं.
कुणी कुणाचं देणं लागत नव्हतं.
शिकलगारांच्या हातात तेवढेच पैसे,
फक्त आता देता येण्याजोगे.
"सुट्टे ठेवत जावा, बाई," ते मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खराटा सोडून
काड्यांचे पाच गठ्ठे बांधून नेले, दोन सुट्ट्या.
उसना हा शब्द घरी ठेवून गेले.
"सात दे मला."
जुनेदनं दोन काड्यांकडं पाहिलं,
मग गठ्ठ्यांकडं, मग माझ्याकडं.
"रबर काढू?"
"काढ की."
काड्या बाकभर पसरल्या, एक खाली गेली.
"आता सगळ्या मिळून किती?"
त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही.
एकापासनं मोजत बसला,
गठ्ठ्यातल्यासुद्धा, ओठ हलवत,
घंटा झाली तरी.
"बावन्नच हायत की ओ!"
जणू मीच काहीतरी लपवलं होतं.

सात गेल्या. दोन गठ्ठे गेले.
पंचवीस उरल्या आणि मी म्हटलं,
"बरं, माझ्या सत्तावीस घे परत. ठेव त्यात."
पाचात सात पडल्या.
हातचा वगैरे मी बोलणार होते, तोंड उघडलंही होतं,
तोवर तो बाकाखाली वाकून
रबर शोधत होता.
दहा मोजल्या, आवळल्या,
गठ्ठ्यांच्या ओळीत नेऊन ठेवल्या,
पाचव्या जागी, होत्या तिथंच.
"ह्यो बघा," तो म्हणाला,
"दिला परत."

उद्या चारशे दोन घ्यायचे आहेत.
मधल्या घराला कुलूप.