कंडम

रविवार कारंज्यापाशी, लग्नपत्रिकांच्या छापखान्यावर
आमचा क्लास. खालचं मशीन धडधडलं
की फळ्याच्या कडेवरचे खडू सरकतात.
त्या दिवशी मी लिहिलं : कंडेम. क्रियापद.
हे चूक आहे, असं चारचौघांत
स्वच्छ सांगणं.

शेवटचा एन लिहायचा, उच्चारायचा नाही.
पुढे 'अगेन्स्ट' नको, थेट कर्म येतं.
आणि कर्ता हवा. कोण करतंय ते सांगा.
इंग्रजीतही लपता येतं म्हणा,
पण आपल्याइतकं सराईत नाही :
'तीव्र निषेध करण्यात येत आहे'
आणि खाली फ्लेक्सवर अठरा फोटो.

वर्ग हसला.
मागून हेमराज गांगुर्डे म्हणाला,
मॅडम, हा तर आमच्या घरातला शब्द.
कंडम.

त्याचे वडील, वाल्मीकअण्णा, पेठ रोडच्या एसटी वर्कशॉपात.
बसखाली उताणे पडून चाचपायचे
कमानपाटे, ब्रेकचे पाइप,
बाहेर येऊन चिंधीला हात पुसायचे
आणि पुढच्या काचेवर, खडूनं : कंडम.
सही. तारीख.
घोषणा नाही, काळी फीत नाही.

एकदा कुणीतरी ओलं फडकं फिरवलं काचेवरून.
चैत्राची गर्दी होती, गडाला जादा गाडी हवी होती.
नांदुरीपर्यंत ठीक गेली.
त्यापुढचं हेमराज बोलला नाही.

एवढंच म्हणाला,
दुसऱ्या दिवशी सीबीएससमोर सगळ्यांनी निषेध केला.
फडकंवाल्यानंही. त्याचा आवाज चांगला होता.
अण्णांना बोलावलं नव्हतं,
त्यांची चौकशी लागली होती.
ते घरी शेजारणीच्या मिक्सरचं भांडं दुरुस्त करत होते.

शब्दकोशात तो अर्थ आहे. खाली, बारीक टायपात :
वापरास अयोग्य ठरवणे.
मी कधी शिकवला नाही. परीक्षेला येत नाही.

"वाक्यात उपयोग करा," मी म्हणाले, सवयीनं.
हेमराजनं वही पुढे केली :
माय फादर कंडेम्ड द बस.
कर्ता होता. कर्म थेट होतं.
एन तेवढा सुटला होता,
ऐकू येत नाही म्हणून असेल.

लाल पेन उघडलं, मिटलं.
फळ्यापाशी गेले आणि तो एन
खडूनं पुन्हा गिरवला, दाबून,
खडू मोडेपर्यंत.