डोळा काढताना

चाकू असा धर, मिकाएला,
सफरचंद सोलतात तसा नाही,
पेन्सिलीसारखा. अंगठा पात्याच्या पाठीवर.
हा बघ मधला डोळा: जाड, गुलाबी, मुजोर.
टोक खुपस, फिरव, उचल.
झालं.
फार खोल गेलीस तर कंद कुजतो,
फार वरवर केलंस तर पुन्हा तोच उगवतो.

हातमोजे काढू नकोस.
अळवाच्या गोतातलं आहे हे, चीक खाजरा.
पहिल्या दिवशी मी याच हातानं घाम पुसला,
रात्रभर गाल ओल्या फडक्यात.
टकर मुकादम हसला, मग त्यानंच बर्फ आणून दिला.
वाईट माणूस नाही. क्रेट मोजताना फक्त
त्याला आपली बोटं दिसत नाहीत.

मधला काढला की बाजूचे जागे होतात.
चार, पाच, कधी सात. बारीक, निजलेले,
थोरल्याच्या धाकात इतके दिवस गप्प.
गिऱ्हाइकाला कुंडी भरलेली हवी असते.
एकच मोठं पान कोण विकत घेतो?

जुलैत दाखवीन तुला शेत.
आत्ता फेब्रुवारी, सगळं पेटीत, पंख्याखाली, मुकं.
जुलैत तळ्याच्या कडेच्या त्या काळ्या मातीत
पांढरा पट्टा, मग लाल, मग असा गुलाबी
की डोळ्यांत पाणी येतं. आणि पांढऱ्यात हिरव्या शिरा,
आजारी माणसाच्या मनगटावर दिसतात तशा.
माझी आई कमरेला माग बांधून
असेच पट्टे विणायची, सांता एउलालियात, ओट्यावर.
शहरातले लोक गाडीतून फोटो काढतात.
उतरत नाहीत. चिखल आहे.

पेट्यांवर नावं वाच. बहुतेक बायकांची.
कुणाची बायको, कुणाची वारलेली मुलगी.
ज्यानं वाण काढलं त्यानं ठेवलेली.
या सतरा वर्षांत माझ्या हातून
किती बायकांचा मधला डोळा गेला, हिशेब नाही.

आमच्या घरात थोरली मी.
सोळाव्या वर्षी मला उचललं, इकडे लावलं.
म्हणजे कुणी जबरदस्ती नाही केली, मीच गेले,
पण चाकू कुणाच्या तरी हातात होताच.
मागे पास्कुआल मास्तर झाला,
तुझ्या आईनं शिलाईची दोन यंत्रं घेतली,
धाकट्याच्या घराला पत्र्याऐवजी स्लॅब.
भरली कुंडी.
सगळे म्हणतात, एउलालियामुळे.
असेल. नसेलही. कदाचित तसेही उगवले असते.
कंदाला कोण विचारतं?

नको, त्या बादलीत बघू नकोस. ते फेकायचे असतात.

बरं, बघ.
एकदा मी मूठभर खिशातून नेले,
ट्रेलरमागे रंगाच्या रिकाम्या डब्यात पुरले.
तळाला भोक पाडलं, सावलीत ठेवलं,
पाणी बेतानं. यांना तहान असते, पण पाय बुडलेले चालत नाहीत.
अकरा सडले. बाराव्याचं मला ठाऊक नव्हतं,
डबा तसाच विसरले. जूनमध्ये कपडे वाळत घालताना दिसलं:
एकच पान. तळव्याएवढं.
त्यावर लाल कमी, हिरवं जास्त, पण कडेला तो गुलाबी होता.

त्याला नाव नाही ठेवलं.
हिवाळ्यात पान झोपलं तेव्हा
खालून जोंधळ्याएवढी गाठ निघाली.
कागदात गुंडाळून ठेवली, फ्रिजमध्ये नाही.
लक्षात ठेव, फ्रिजमध्ये कधीच नाही.
यांना थंडी बाधलेली बाहेरून कळत नाही,
लावल्यावर कळतं. आतून खडू झालेला असतो.

आता ती गाठ लिंबाएवढी आहे.
तिला मी चाकू लावलेला नाही.

चल, हात चालव. टकर येतोय.
हा वळव. मधला कुठला, सांग बघू.
नाही,
तो नाही.