एक मिनिट

व्हिनेगरचा वास आला की मला
मांगोचीच्या बस-स्टँडवर चिप्स तळणारा पोऱ्या आठवतो.
इथे तो वास माझ्या आत आहे.
"आता एक मिनिट," नर्स मालिटा म्हणते,
"हलू नकोस. दुखणार नाही, गार लागेल."
गार लागतं.
गुडघे वर, चितेंजे पोटापर्यंत ओढलेला,
खिडकीच्या काचेला वर्तमानपत्र,
त्यात कुणी मंत्री उलटा डकवलेला.
घड्याळाचा काटा उडी मारण्याआधी
जरासा मागे सरतो.

सात.

अकरा वर्षं गोळी घेते आहे,
रोज रात्री, रेडिओवर बातम्या लागल्या की.
सुरू केली तेव्हा माझी हाडं मोजता येत होती,
शेजारणीने माझ्या पातेल्यांची वाटणी
मनातल्या मनात उरकून टाकली होती.
आता उसिपाची टोपली डोक्यावर घेऊन
तळ्यापासून बाजारापर्यंत कुठेच टेकत नाही मी.
वाटलं होतं, हिशेब मिटला.

एकोणीस.

बाहेर बाकावर आम्ही नऊजणी.
मालिटा म्हणाली, हा विषाणू वेगळा.
बहुतेकींकडे येऊन जातो,
वर्षा-दोन वर्षांत अंगच त्याला हुसकावतं,
आपल्याला पत्ताही नसतो.
पण राखण ढिली पडली की तो गर्भपिशवीच्या तोंडाशी
मुक्काम ठोकतो.
"मासळीच्या माच्यावर कावळे हाकणारी पोर पेंगली
तर काय होतं?"
आम्ही हसलो. आम्हाला ठाऊक आहे काय होतं.
"गोळीने पोर जागी झाली, बायांनो.
पण ती झोपेत असताना जे बसले
ते सगळे उडालेच असं नाही."
मग कुणी हसलं नाही.

तेहेतीस.

डोरिका, माझी थोरली बहीण.
पाळी गेल्याला चार वर्षं झाल्यावर म्हणाली, परत आली बघ.
जरा लाजलीसुद्धा.
मग कंबर धरली. मग वास.
मग ती आपणहून चटई घेऊन पडवीत झोपू लागली,
ताटलीही वेगळी केली, आम्ही काही बोलण्याआधी.
आम्ही म्हणालो, असं नको गं करूस.
पण चटई उचलून आत कुणी आणली नाही.
मीही नाही.

मोजणी चुकली.

मालिटा टॉर्च घेऊन वाकते.
मला तिचं कपाळ तेवढं दिसतं, त्यावर एक आठी,
आधी होती की आत्ता आली, कळत नाही.
"आहे," ती म्हणते. "पांढरा डाग.
अर्ध्या शेंगदाण्याएवढा.
कॅन्सर नाही हा. पुढे झाला असता कदाचित.
आजच जाळून टाकूया?"

आजच. डोरिकाला कुणी हा शब्द दिला नव्हता.

बॅटरीवरचं छोटं यंत्र,
पोटात खोल एक कळ,
आणि मी पाय खाली घेते.

"सहा आठवडे नवऱ्याला लांब ठेव.
वर्षाने परत ये. बरं वाटलं तरी ये."
मी चप्पल घालता घालता विचारते, शाळेतल्या लशीचं.
त्या दिवशी मी तादालाला घरी ठेवलं होतं,
लोक म्हणत होते, पोरींना पुढे मुलं होत नाहीत.
मालिटा रागवत नाही. रागवली असती तर बरं.
"शुक्रवारी घेऊन ये," म्हणते.

विलिसोनी होडीच्या सावलीत जाळं सांधत बसलाय.
मी उभ्या उभ्याच सांगते सगळं,
वाऱ्यामुळे दोनदा सांगावं लागतं.
सुई थांबते.
"सहा आठवडे?"
"सहा."
तो दोरा दाताने तोडतो, बराच वेळ गाठ शोधतो.
"मग मी पडवीत झोपू?"

"नाही," मी म्हणते, जरा मोठ्यानेच,
"आपल्या घरात चटई बाहेर जाणार नाही."