चरा

पिपेटच्या टोकानं काचेच्या बशीत एक चरा ओढते.
तळाला चिकटून वाढलेल्या पेशींची साय
मधोमध दुभंगते.
आता बारा तास, मग चोवीस.
काठावरच्या पेशी चरा ओलांडून
पलीकडं जातात का, एवढंच बघायचं.

कुणाच्या मूत्रपिंडातल्या या, ठाऊक नाही.
डबीवर नुसता नंबर.
दादाच्या नाहीत.
केसपेपरवर आदगोंडा, वय बावन्न; घरात दादा.
त्याचं डावं मूत्रपिंड माघात काढलं,
मुठीएवढी गाठ सोबत गेली,
आणि दिवाळीला फुप्फुसात
ज्वारीच्या दाण्यांसारखे तीन ठिपके.

समजावायला वेळ लागला नाही.
हुपरीत जन्म गेला त्याचा पैंजणं घडवण्यात.
"म्हंजे कानस मारताना रज उडती, तसं.
दुकान कितीबी झाडा, गटारीत चांदी सापडतीच.
झारेकरी काय उगंच चिखल धूत बसत्यात?"
मग थोड्या वेळानं,
"तुझा झारेकरी कोण गं?"

राधानगरीच्या रानातला नरक्या.
फांदी मोडली की सडका वास.
चोरांनी ट्रक भरभरून नेला एके काळी.
आम्ही वनखात्याचा शिक्का घेऊन पावशेर फांद्या आणल्या,
सावलीत वाळवल्या, दळल्या,
अर्क नळ्यांत वाटून ठेवला.
सतरा नंबरच्या नळीखाली
चरा चोवीस तास उघडा राहिला.
पेशी थांबल्या, की नुसत्याच मेल्या,
ते अजून कळायचंय.
सर म्हणाले, पुन्हा कर. तीनदा कर.

काल दादा वहिनीनं दिलेला डबा घेऊन आला.
रिकामा परत नेताना म्हणाला,
"ह्यात घाल की जरा. चमचाभर."
बशी म्हणजे माणूस नव्हे, दादा.
बशीला यकृत नसतं, पोरं नसतात.
हे विष आहे, आणि कुणाचं, तेच ठरायचंय.
डॉक्टरांच्या गोळ्या चुकवू नकोस.
तो लागलेलंच झाकण
पुन्हा पुन्हा लावत राहिला.

मग स्क्रीनवर चऱ्याचा फोटो दाखवला.
डोळ्याला भिंग लावल्यागत पुढं वाकून
बघत बसला कितीतरी वेळ.
"सरळ न्हाई आलेला. हात हलतोय तुझा."
माझं मनगट धरलं.
"श्वास सोड. सगळा.
परत घ्यायच्या आत ओढायचं."

साडेनऊ वाजलेत.
विद्यापीठामागच्या माळावर मोर ओरडायचे थांबलेत.
नवी बशी पुढ्यात घेते.
श्वास सोडते.