उपाशीपोटी

पहाटे साडेपाचला कंपूवरून निघते,
धुक्यात किल्ला नसतो.
म्हणजे असतो, सगळे म्हणतात असतो,
पण बोट करून दाखवता येत नाही.
माझ्या पगारासारखा.

स्कूटी आईची, पेट्रोल बाबांचं,
स्वेटर मामेबहिणीचा.
डबा मात्र लॅबचा: बर्फाची पिशवी, सुया, कापूस,
लाल, जांभळ्या, राखाडी टोपणांच्या नळ्या.
राखाडी म्हणजे साखर.

पहिलं घर जिन्सी नाल्याजवळ, सक्सेना काका.
रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?
नाही बेटा, चहासुद्धा नाही.
मीही नाही,
पण तसं लिहायला फॉर्मवर जागा नाही.

मूठ मिटा. आता सोडा.
नस डोळ्यांनी नाही, बोटानं ओळखायची असते,
हे मला इथंच कळलं, खोटं कशाला बोलू.
नीतू कुशवाहनं शिकवलं,
ती माझ्याआधी सात महिने शिकत होती.
तिला इर्शादनं शिकवलं,
तो अजून शिकतोच आहे.
सिकरवार सर सही करतात.

सीख रही हो, सर म्हणतात,
खरं तर फी आम्ही घ्यायला हवी.
मागे भिंतीवर काचेत दरपत्रक:
साखर ऐंशी, थायरॉइड चारशे,
घरी येऊन नमुना घेण्याचे शंभर वेगळे.
ते शंभर म्हणजे मी.
रोज अकरा घरं.
एकदा बेसिनपाशी उभं राहून
बोटांवर गुणाकार केला,
मग हात पुन्हा धुतले.

तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे नऊ.
सर्टिफिकेट छापून कपाटात ठेवलंय म्हणे,
तारीख तेवढी घालायची राहिली आहे.

संक्रांतीला सरांनी गजक वाटली,
अर्धा अर्धा किलो, वर सोनेरी कागद.
आणि मी मराठी म्हणून मला खास,
तीलगूल घ्या, गोड गोड बोला.
मी बोलले गोड.
आईनं डबा देवापुढे ठेवला,
शेजारच्या काकूंना सांगितलं, पद्मजाची पहिली कमाई.
मी काहीच म्हटलं नाही.
गजक दाताला चिकटते फार.

मार्चमध्ये थाटीपूरला
चौथ्या मजल्याच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधारलं.
कठडा धरला. आधी डबा खाली ठेवला,
नळ्या फुटू नयेत म्हणून,
मग मी बसले.

दुपारी इर्शाद म्हणाला, हात दे इकडे.
माझाच पट्टा माझ्या दंडाला.
जांभळं टोपण.
काही टोचलं नाही, चांगला हात आहे त्याचा,
चार वर्षांचा फुकट हात.

नळी मशीनला लावण्याआधी कॉम्प्युटर विचारतो.
नाव: पद्मजा मोहिते.
वय: बावीस.
कोणी पाठवलं:
इथं आम्ही दोघं जरा थांबलो.
मग त्यानं 'स्वतः' निवडलं.
रक्कम: त्यानं शून्य दाबलं.
लाल चौकट आली. पुन्हा शून्य. पुन्हा लाल.
शून्य चालत नाही त्याला.
अख्ख्या लॅबमध्ये त्या एकट्यालाच.

पर्समधून अडीचशे काढले, आठवड्याच्या पेट्रोलचे.
मग मशीन घुरघुरलं, कागद बाहेर आला.
हिमोग्लोबिन आठ पूर्णांक दोन, ठळक अक्षरांत,
खाली सरांची सही, छापलेली.
इर्शाद म्हणाला, पालक खा, गूळ खा.
मी हसले. गूळ झाला की खाऊन.

पावती वेगळी मिळाली.
ती घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आहे.
नऊ महिन्यांत या लॅबनं दिलेला पहिला कागद,
ज्यावर माझं नाव आणि रुपयांचा आकडा
एकाच ओळीत आहेत.
सरांपुढे ठेवायचा आहे एकदा.
अजून ठेवला नाही.

तारीखसुद्धा आहे त्यावर.